खाली छेद, शेजारी एकक

परवा फोनवर तू रडवेली होऊन म्हणालीस, "ताई, फिजिक्स मला जमणार नाही, मी आर्ट्सला जाते." आर्ट्सला जायचं असेल तर खुशाल जा गं, त्यात कमीपणा काही नाही. पण फिजिक्स जमत नाही म्हणून जाणार असशील तर जरा थांब. तू पाठवलेले वहीचे फोटो मी रात्री नीट बघितले. त्यात फिजिक्स चुकलेलंच नाही. सूत्र बरोबर, कुठलं कधी वापरायचं तेही बरोबर. घोडं अडतं ते त्यानंतरच्या दोन-तीन ओळींत: अपूर्णांकांची बेरीज, अपूर्णांकानं भागणं आणि एककं. म्हणजे सहावी-सातवीतलं गणित. हे आईला सांगू नकोस, "मी तेव्हाच म्हणत होते" सुरू होईल. आपल्या दोघींत राहू दे.

आणि लाज तर अजिबात वाटून घेऊ नकोस. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या अकरावीच्या मुलांत दर वर्षी हेच दिसतं, त्यात दहावीला नव्वदच्या वर टक्के पडलेलेही असतात. अपूर्णांक एकदा शिकवून झाले की पुढे सगळे धरून चालतात की ते येतात. मग अकरावीला 'एकके आणि मापन' येतं आणि अर्धा वर्ग तिथेच गडबडतो.

तुझं समांतर जोडणीचं गणित घेऊ. ४ ओहम आणि ६ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, परिणामी रोध किती? तू लिहिलंस १/४ + १/६ = २/१०, आणि खाली उत्तर ०.२ ओहम. यात दोन घोटाळे आहेत. छेद सांगतो तुकडा केवढा आहे. चौथा हिस्सा आणि सहावा हिस्सा हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे, ते एका मापाचे केल्याशिवाय एकत्र मोजायचेच कसे? बारात चारही बसतो, सहाही बसतो. म्हणून ३/१२ आणि २/१२, मिळून ५/१२. हा पहिला घोटाळा सगळ्यांना कळतो. दुसरा जास्त चोरटा आहे. ते ५/१२ म्हणजे रोध नव्हेच. आपण बेरीज केली ती 'एक भागिले रोध' अशा दोन राशींची. तू प्रत्येक ओळीत एकक लिहिलं असतंस, तर ५/१२ च्या शेजारी '१/ओहम' दिसलं असतं आणि अजून उलटायचं राहिलंय हे तिथल्या तिथे कळलं असतं. उलटलं की १२/५, म्हणजे २.४ ओहम.

आता ताळा. दोन्ही रोध ४ चे असते तर उत्तर २ आलं असतं, दोन्ही ६ चे असते तर ३. म्हणजे आपलं उत्तर २ आणि ३ यांच्या मधेच कुठेतरी हवं. तुझं ०.२ इथेच बाद. गणित करायच्या आधी हा अंदाज वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, नंतर नाही. नंतर लिहिलेला अंदाज आलेल्या उत्तराशी कसाही जुळवून घेता येतो!

हीच उलटापालट आईच्या चष्म्यात आहे. तिचा वाचायचा नंबर +१.५. दहावीत 'भिंगाची शक्ती' केलीस ना, डायॉप्टर म्हणजे १/मीटर. दीड म्हणजे ३/२, त्याचं उलट २/३ मीटर, साधारण ६७ सेंटिमीटर. झालं नाभीय अंतर. तू १ ला १.५ नं उभा भागाकार घालत बसली असतीस आणि ०.६६६६ लिहून कुठे थांबायचं या विचारात पडली असतीस. २/३ लिहिलं की काही उरत नाही, काही सांडत नाही. म्हणून माझं एक मत, बाकीचे काहीही म्हणोत: शेवटच्या ओळीपर्यंत दशांश चिन्ह आणायचंच नाही. अपूर्णांक तसाच पुढे न्यायचा, वर-खाली काट मारायची आणि भागाकार करायचाच असेल तर तो एकदाच, अगदी शेवटी.

आजोबांना कधी विचारून बघ. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ते शाळेत होते तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पई असा हिशेब होता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी साडेतीन आणे शेरानं पावणेदोन शेर काही घेतलं, तर ७/२ गुणिले ७/४, म्हणजे ४९/८ आणे, म्हणजे सहा आणे आणि दीड पई. एवढा हिशेब वाणी तोंडी करायचा आणि गिऱ्हाईकही मनातल्या मनात ताडून बघायचं. तुला ते पाढे पाठ कर असं मी म्हणत नाहीये. दशांश पद्धत सोपी होती म्हणूनच आणली, आणि ते बरंच झालं. पण अपूर्णांक हे काही हुशार मुलांचंच खातं नाही, एवढं त्यातून दिसतं. सवयीचं काम आहे.

आणि सवय लागणारच आहे, कारण कॅल्क्युलेटर तुझ्या सोबत येणार नाही. बारावीच्या बोर्डाला तो चालत नाही, लॉग टेबल वापरायचं. सीईटीला फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न मिळून ९० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला ९/१० मिनिट, ५४ सेकंद. तेवढ्यात ०.६६६६ ला ३.२८ नं गुणत कोण बसणार?

आता एककांकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे. चर्चगेट ते बोरिवली साधारण ३४ किलोमीटर. धीम्या लोकलला एक तास पाच मिनिटं लागली असं धर. सरासरी चाल किती? निम्मा वर्ग ३४ ला १.०५ नं भागतो. अगं, पाच मिनिटं म्हणजे तासाचे पाच शतांश नव्हेत! पाच मिनिटं म्हणजे ५/६०, म्हणजे १/१२ तास. एक तास पाच मिनिटं म्हणजे १३/१२ तास. ३४ भागिले १३/१२, म्हणजे ३४ गुणिले १२/१३, म्हणजे ४०८/१३. एकतीसच्या थोडं वर, किलोमीटर प्रति तास. गर्दीच्या वेळी दारात उभं राहिल्यावर वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी आहे, दर स्टेशनला थांबण्याची किंमत.

मीटर प्रति सेकंद करायला तू ५/१८ नं गुणतेस, पण दर वेळी विचारतेस की ५/१८ की १८/५. पाठ केलेल्या गोष्टीचं हेच होतं. त्यापेक्षा असं कर. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर, तेव्हा '१००० मीटर भागिले १ किलोमीटर' हा अपूर्णांक म्हणजे चक्क १. वर-खाली एकच लांबी आहे. १ नं गुणून कुठल्याच राशीचं काही बिघडत नाही. तसंच '१ तास भागिले ३६०० सेकंद' हाही १. आता किलोमीटर/तास लिही आणि या दोन 'एकां'नी गुण. किलोमीटर वर आहे, तेव्हा त्याला काट मारायला किलोमीटर खाली असलेला अपूर्णांक घे. तास खाली आहे, तेव्हा तास वर असलेला घे. काट मारून उरतं मीटर/सेकंद आणि १०००/३६००, म्हणजे ५/१८. लोकलची चाल ८.७ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. उलटा अपूर्णांक घेतलास तर काट बसतच नाही, 'किलोमीटर वर्ग भागिले मीटर' असलं काहीतरी भूत उभं राहतं आणि तुला लगेच कळतं. एकक हेही अक्षरासारखंच गुणायचं, भागायचं, काट मारायचं. उत्तराच्या शेपटीला शेवटी चिकटवायचं नाही. तू पाचही गणितांत तेच केलंयस, म्हणून तर लाल शाई लागली.

क्षेत्रफळाला वेगळा सापळा असतो. आपल्या घराच्या कागदांवर कार्पेट एरिया २६९ चौरस फूट आहे. लहान असताना मला वाटायचं, हा कसला विचित्र आकडा, सरळ २७० तरी द्यायचं होतं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घरांना आधी २२५ चौरस फूट होते, मग २६९ झाले, आता ३०० आहेत. २६९ आले कुठून? मुळात नियम होता २५ चौरस मीटरचा. आता तू २५ ला ३.२८ नं गुणशील, कारण एका मीटरमध्ये ३.२८ फूट. उत्तर येतं ८२. ८२ चौरस फुटांत आपलं स्वयंपाकघर, मोरी आणि आजोबांची खाट, एवढंच कसंबसं मावेल. चौरस मीटर म्हणजे मीटर गुणिले मीटर, म्हणून ३.२८ नं दोनदा गुणायचं: १०.७६. त्याला २५ नं गुणलं की २६९. घनफळाला तीनदा. बाबा गावच्या घरासाठी वाळू सांगतात ना ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्याला ३.२८ नं तीन वेळा भाग, २.८ घनमीटरच्या जरा वर येईल. एककावर जेवढा घात, तेवढाच रूपांतराच्या आकड्यावर.

आणि आता आपल्या वाकोल्याचं गणित. हे कुठल्या गाईडमध्ये नाही मिळणार.

२६ जुलै २००५. तू जन्मलीही नव्हतीस, मी दुसरीत होते, आम्ही तेव्हा खाली नाल्याजवळच्या खोलीत राहायचो. हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेनं २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७३. हे दोन्ही आकडे आईनं हजारदा ऐकवलेत, पण ९४४ मिलिमीटर म्हणजे नक्की काय गं? मिलिमीटर तर लांबीचं एकक, पाणी तर लिटरमध्ये मोजतात. एककच सांगतं की इथे काहीतरी गाळलंय. पावसाचा मिलिमीटर ही उंची आहे: पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर सपाट जमिनीवर किती उंच साचेल ती. लिटर हवे असतील तर उंचीला क्षेत्रफळानं गुणावं लागणार.

एक चौरस मीटर जागा आणि एक मिलिमीटर पाऊस घे. १/१००० मीटर गुणिले १ चौरस मीटर, म्हणजे १/१००० घनमीटर. एका घनमीटरमध्ये १००० लिटर असतात. हजारानं हजार कटला, उरला बरोबर १ लिटर. म्हणजे पावसाचा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, तुलाही वाटलं पाहिजे.

आता आपल्या २५ चौरस मीटरच्या घराएवढ्या तुकड्यावर त्या दिवशी किती पडलं? ९४४ गुणिले २५, २३,६०० लिटर. पाण्याच्या एका लिटरचं वस्तुमान साधारण एक किलो, म्हणजे २३.६ टन. एका घराएवढ्या जागेवर! एक चौरस किलोमीटर म्हणजे हजार मीटर गुणिले हजार मीटर, दहा लाख चौरस मीटर. तेवढ्यावर ९४ कोटी ४० लाख लिटर. हे सगळं पाणी वाकोला नाल्यानं मिठी नदीत आणि मिठीनं माहीमच्या खाडीत न्यायचं, त्यात समुद्राला भरती. नाल्यात कचरा होता, भराव होते, ते सगळं खरंच. पण हा आकडा हातानं काढल्यावर लोकांच्या चर्चेतला "नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी झालं" हा सूर मला जरा पोरकट वाटायला लागला.

दर तासाला सरासरी किती? ९४४/२४. आठानं काट मार: ११८/३, म्हणजे ३९ पूर्णांक १/३ मिलिमीटर प्रति तास. पण सरासरीवर विसंबू नकोस. तो पाऊस दिवसभर सारखा पडलेला नाही, दुपारनंतर कोसळला. आणि सांताक्रूझचा आकडा कुलाब्याच्या आकड्यानं भागलास तर जवळजवळ १३. तेरा काय? काही नाही. मिलिमीटरनं मिलिमीटर कटला. गुणोत्तराला एकक नसतं, तिथे नुसता आकडा लिहिलेला चालतो. तिथेच फक्त.

तुला वाटेल, ताई एककांचं फारच घेऊन बसलीय. आपल्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात ना, त्यावरून ऐक. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ ची दोन्ही इंजिनं हवेतच इंधन संपून बंद पडली. हवं होतं २२,३०० किलो इंधन. टाकीतलं इंधन लिटरमध्ये मोजलं होतं, त्याचं वस्तुमान काढायला लिटरला १.७७ नं गुणलं. हा १.७७ आकडा बरोबरच होता, पण पौंड प्रति लिटर या एककात. किलो प्रति लिटर हवं तर ०.८ च्या आसपास. आकड्याशेजारी एकक नव्हतं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि विमान निघालं ते लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन. वैमानिकांनी ते इंजिनांशिवाय तरंगवत गिमली नावाच्या गावातल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. कागदावर 'लिटर गुणिले पौंड/लिटर' असं लिहिलं असतं, तर काट मारून पौंड उरले असते आणि चूक जमिनीवरच सापडली असती.

विजेच्या बिलाचं पटकन सांगते. तिथलं 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास, किलोवॅट गुणिले तास. तू 'किलोवॅट/तास' लिहिलंयस, तो तिरका डॅश पहिला खोड. १००० ज्यूल/सेकंद गुणिले ३६०० सेकंद, सेकंदानं सेकंद कटला, ३६ लाख ज्यूल. ७५ वॅटचा पंखा ८ तास चालला तर ६०० वॅट-तास, म्हणजे ३/५ युनिट. झालं.

मात्र एककं सगळं पकडत नाहीत, हेही माहीत असू दे. लंबकाच्या आवर्तकालात लांबी भागिले गुरुत्व त्वरण की उलटं, हे विसरलीस तर एककं तारून नेतात: मीटर भागिले (मीटर/सेकंद वर्ग), म्हणजे सेकंद वर्ग, त्याचं वर्गमूळ सेकंद. उलटं केलंस तर १/सेकंद येईल, ते काळाचं एकक नव्हे. पण पुढचा २ पाय लिहायला विसरलीस तर एककं गप्प राहतील. गतीच्या दुसऱ्या समीकरणातला १/२ गाळलास तरी एकक मीटरच येणार. अशा नुसत्या आकड्यांना एकक नसतं, ते तुलाच लक्षात ठेवावे लागतील. तो १/२ तर लोक इतका गाळतात की मी शिकवणीत त्याच्याभोवती गोल करायला लावते.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून आहे, त्याचंही दडपण आलंय ना? तू सांगितलं नाहीस, पण मला कळतं, मीही आपल्याच मराठी शाळेतून गेले होते. त्वरणाचं ॲक्सिलरेशन झालं, छेदाचा डिनॉमिनेटर झाला. पण काट मारायची रीत तीच राहते. वर्गात सर बोलतात ते निसटलं तर फळ्यावरच्या एककांकडे बघ. खाली सेकंद वर्ग दिसला की त्वरणाचंच चाललंय, शब्द कानावरून गेला तरी.

सराव जास्त करू नकोस, खरंच सांगते. पहिले काही दिवस उत्साहात दोन-दोन तास बसशील आणि मग वही महिनाभर उघडणार नाहीस. रोज तीनच गणितं कर. एक छेद वेगळे असलेल्या बेरजेचं, एक अपूर्णांकानं अपूर्णांकाला भागायचं, एक एकक बदलायचं. प्रत्येक ओळीत एकक, काट मारायची ती वेगळ्या रंगाच्या पेनानं, कॅल्क्युलेटर कपाटात. तिसऱ्या प्रकारची गणितं पुस्तकातून घेण्यापेक्षा घरात शोध: टाकीवरचे लिटर, सिलेंडरवरचे किलो, आईच्या औषधाच्या बाटलीवरचे मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर.

आजची तीन मीच देते. ५/६ मधून ३/८ वजा कर. ७/४ मीटर लांबीची पट्टी ७/१२ मीटरच्या तुकड्यांत काप आणि तुकडे किती ते सांग, त्या उत्तराला एकक लागेल की नाही तेही लिही. तिसरं असं: आपल्या बिल्डिंगची गच्ची २५० चौरस मीटर धर. मे महिन्यात सोसायटी जो दहा हजार लिटरचा टँकर मागवते, तेवढं पाणी गच्चीवर पडायला किती मिलिमीटर पाऊस हवा, आणि २६ जुलैच्या त्या सरासरीनं त्याला किती वेळ लागेल? अंदाज आधी, कडेला. झोपायच्या आधी फोटो पाठव, आणि खाडाखोडीसकट पाठव, फेअर करत बसू नकोस.